तिकिटे आणि चित्रकार्डे

१८७३ सालची गोष्ट. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर त्या वेळी ब्रिटिश गियाना नावाची इंग्रजांची वसाहत होती. आज त्या देशाला गयाना म्हणतात. तेथे व्हर्नन व्हॉन नावाचा बारा वर्षांचा एक शाळकरी मुलगा राहत असे. त्याला पोस्टाची तिकिटे जमवण्याचा नाद होता. एके दिवशी घरातील जुनी पत्रे चाळताना त्याला एक तिकीट सापडले. किरमिजी रंगाचा कागद, त्यावर काळ्या शाईत छापलेले जहाज, चारही कोपरे कापलेले आणि वर कोणाच्या तरी नावाची आद्याक्षरे! तिकीट दिसायला काही सुंदर नव्हते. व्हर्ननला आपल्या संग्रहासाठी परदेशांची नवी, रंगीत तिकिटे हवी होती. म्हणून त्याने हे मळकट तिकीट तेथल्याच एका संग्राहकाला सहा शिलिंगांस विकून टाकले.

त्या तिकिटाचा इतिहास असा होता. १८५६ साली लंडनहून येणारी तिकिटे वेळेवर पोहोचली नाहीत, तेव्हा वसाहतीच्या पोस्टमास्तरने तेथल्याच एका छापखान्यात तात्पुरती तिकिटे छापून घेतली. कोणी त्यांची नक्कल करू नये म्हणून पोस्टातील कारकून त्यांवर आपली आद्याक्षरे लिहीत. त्यांपैकी एका सेंटाचे हे एकच तिकीट आज जगात शिल्लक असल्याचे मानतात. २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ९५ लाख डॉलर मिळाले.

व्हर्नन मूर्ख होता काय? मुळीच नाही. त्याने आपल्या दृष्टीने शहाणपणाचाच व्यवहार केला. परंतु त्याच्या या गोष्टीतून एक प्रश्न उभा राहतो. हातभरही नव्हे, बोटभर लांबीच्या कागदाच्या तुकड्याला मोल येते ते कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण एकाच छंदाकडे न पाहता दोन छंदांकडे पाहू. एक तिकिटांचा आणि दुसरा बेसबॉल खेळाडूंच्या चित्रकार्डांचा. पहिला साऱ्या जगाला ठाऊक आहे. दुसरा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मुलांचा. दोहोंची घरे निराळी. पण दोहोंचा स्वभाव मात्र भावंडांसारखा एक आहे.

प्रथम त्यांचा जन्म कसा झाला ते पाहू. पूर्वी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल करीत आणि ते अंतराप्रमाणे वाढत. सामान्य माणसाला तो खर्च परवडत नसे. रोलंड हिल या गृहस्थाने अशी सूचना केली, की देशात कोठेही पत्र पाठवले तरी दर एकच असावा आणि तो पाठवणाऱ्याने आगाऊ भरावा. पैसे भरल्याची खूण म्हणून मे १८४० मध्ये एक पेनी किमतीचे काळे तिकीट निघाले. त्यावर व्हिक्टोरिया राणीचे मुखचित्र होते. जगातील पहिले चिकटवायचे तिकीट ते हेच. आपल्याकडे, त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंध प्रांतात, १८५२ साली ‘सिंध डाक’ची तिकिटे निघाली, आशिया खंडातील ती पहिली तिकिटे होत.

बेसबॉल हा अमेरिकेचा अत्यंत आवडता खेळ आहे. एक खेळाडू चेंडू फेकतो, दुसरा गोल दांड्याने तो टोलवतो आणि मग चार ठाण्यांना वळसा घालून पळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खेळातील नामांकित खेळाडू घरोघरी माहीत झाले. त्या काळी सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत आणि खिशात चुरगळत. ती ताठ राहावीत म्हणून कारखानदार आत जाड कागदाची एक पट्टी घालू लागले. पुढे कोणाला तरी सुचले, की ही पट्टी कोरी का ठेवावी? तिच्यावर खेळाडूचे चित्र छापले, तर गिऱ्हाईक पुन्हा आपलेच पाकीट घेईल. १८८० नंतरच्या दहा वर्षांत अशी चित्रकार्डे भराभर निघू लागली. वडिलांनी सिगारेटचे पाकीट उघडले, की मुले कार्डासाठी हात पुढे करीत. पुढे सिगारेटच्या पाकिटांची जागा च्युइंग गमच्या पुड्यांनी घेतली आणि कार्डे थेट मुलांच्याच हाती येऊ लागली.

येथे या दोन छंदांतील पहिले साम्य दिसते. तिकीट आणि कार्ड यांपैकी एकही वस्तू जपून ठेवण्यासाठी जन्माला आली नव्हती. तिकीट ही टपालखर्चाची पावती. शिक्का बसला, की तिचे काम संपले. कार्ड ही पाकिटाची पट्टी आणि मालाची जाहिरात. माल संपला, की तिचे काम संपले. लोक अशा वस्तू फेकून देतात. म्हणूनच ज्या थोड्या हातांनी त्या जपल्या, त्या हातांमुळे त्यांना मोल आले. अमेरिकेतील मुले तर कार्डे भिंतीवर फेकून खेळत आणि सायकलच्या आऱ्यांमध्ये अडकवून त्यांचा फटफट आवाज काढीत. त्यामुळे शंभर कार्डांतली फार थोडी धडपणे उरत.

परंतु जुने ते सर्वच दुर्मिळ, असे मात्र समजू नये. १८४० चे काळे तिकीट जगातील सर्वांत जुने. तरीही ते जवळजवळ सात कोटी छापले गेले होते आणि त्यांपैकी पुष्कळ आजही टिकून आहेत. ब्रिटिश गियानाचे तिकीट त्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, पण एकटे! कार्डांतही असेच आहे. १९०९ ते १९११ या काळात एका अमेरिकन तंबाखू कंपनीने पाचशेहून अधिक प्रकारची बेसबॉल-कार्डे काढली. त्यांत पिट्सबर्गचा विख्यात खेळाडू होनस वॅग्नर याचेही कार्ड होते. ते थोडेसे बाहेर पडताच छपाई थांबली. आपल्या चित्रापायी लहान मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे वॅग्नरला मान्य नव्हते, असे काही जण सांगतात. त्याला चित्राचा मोबदला मिळाला नाही म्हणून तो रागावला, असे दुसरे म्हणतात. कारण कोणतेही असो, आज ती कार्डे साठांच्या आसपासच उरली आहेत. २०२२ साली त्यांतील एकास ७२ लाख ५० हजार डॉलर किंमत आली.

दुसरे साम्य चुकांच्या बाबतीत आहे. इतर ठिकाणी चूक झाली, की वस्तूची किंमत उतरते. संग्राहकांच्या जगात मात्र कित्येकदा ती चढते. मे १९१८ मध्ये अमेरिकेच्या पोस्टाने विमानाच्या टपालासाठी २४ सेंटांचे तिकीट काढले. त्याची लाल चौकट एकदा आणि मधले निळे विमान दुसऱ्यांदा, अशी दोन वेळा छपाई होई. वॉशिंग्टन शहरात विल्यम रोबी नावाच्या संग्राहकाने पोस्टाच्या खिडकीतून शंभर तिकिटांचा एक ताव २४ डॉलर देऊन घेतला. पाहतो तो सर्व विमाने उलटी! एक कागद यंत्रात उलटा गेला होता. तो ताव त्याने थोड्याच दिवसांत १५ हजार डॉलरांना विकला. नेमके असेच कार्डांतही घडते. वॅग्नरचे कार्ड ज्या मालिकेतले, त्याच मालिकेत शेरी मगी या खेळाडूच्या आडनावाचे एक इंग्रजी अक्षर चुकले होते. चूक लवकरच सुधारली. म्हणून चुकीची कार्डे दुर्मिळ झाली. १९५७ साली एका कंपनीने हँक अ‍ॅरन या उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचे छायाचित्र उलटे छापले आणि तो डावखुरा दिसू लागला. १९६९ साली तर त्याच कंपनीच्या एका कार्डावर खेळाडूऐवजी संघाच्या दांड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या मुलाचेच चित्र छापून आले!

अशा चुका सापडतात कोणाला? जो नीट पाहतो त्याला. तिकिटाचा संग्राहक भिंगातून रंगाची छटा पाहतो, कागद उजेडासमोर धरून त्यातील जलचिन्ह शोधतो आणि कडेची छिद्रे मोजतो. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे आहेत, यावरून एकसारखी दिसणारी दोन तिकिटे निराळी ठरतात. कार्डाचा संग्राहक त्याच नजरेने चार कोपरे, कडा आणि पृष्ठभाग तपासतो. चित्राभोवतालची पांढरी किनार चारही बाजूंनी सारखी आहे की नाही, हे तर दोघेही पाहतात. ही शिस्त अंगवळणी पडली, की मनुष्य इतर गोष्टीही बारकाईने पाहू लागतो.

तिसरे साम्य मालिका पुरी करण्याच्या ओढीत आहे. वहीतील एखादी चौकट रिकामी राहिली, की संग्राहकाला चैन पडत नाही. ही ओढ चांगली. कारण तिच्यापोटी मुले शोध घेतात, पत्रे लिहितात, आपल्याजवळच्या दुबार वस्तू मित्राला देऊन त्याच्याजवळच्या घेतात आणि व्यवहारातील प्रामाणिकपणा शिकतात. परंतु याच ओढीचा विक्रेते फायदाही घेतात. १९३३ साली बोस्टन येथील गाउडी या च्युइंग गमच्या कंपनीने २४० क्रमांकांची बेसबॉल-कार्डांची मालिका काढली. मुले पुड्यांमागून पुड्या घेऊ लागली. कोणाला १०५ मिळे, कोणाला १०७ मिळे. पण १०६ क्रमांकाचे कार्ड काही केल्या कोणाला मिळेना. मिळणार कसे? ते छापलेच नव्हते! पुढल्या वर्षी तक्रार करणाऱ्यांना कंपनीने नॅप लॅजवे या निवृत्त खेळाडूचे १०६ क्रमांकाचे कार्ड टपालाने पाठवले. रिकाम्या चौकटीचे दुःख विकून पैसा मिळवता येतो, हे या प्रसंगावरून कळते.

तिकिटांच्या जगातही असे व्यवहार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकोलस सीबेक या व्यापाऱ्याने निकाराग्वा, होंडुरास, एल् साल्वादोर आणि इक्वेडोर या देशांशी करार केले. तो त्यांना तिकिटे फुकट छापून देई. मात्र दरवर्षी नवी तिकिटे काढावयाची आणि जुनी उरलेली त्याला द्यावयाची. ती तो संग्राहकांना विकी. अशा तिकिटांना संग्राहक कंटाळले. पुढे १९९० च्या सुमारास अमेरिकेत बेसबॉल-कार्डांचेही तसेच झाले. जुन्या कार्डांना मोठ्या किमती येतात असे वाचून लोकांनी नव्या कार्डांच्या पेट्याच्या पेट्या माळ्यावर ठेवल्या. कंपन्यांनीही अमाप कार्डे छापली. परंतु जी वस्तू सर्वांनी जपून ठेवली, ती दुर्मिळ कशी होणार? त्यांतील बहुतेक कार्डांना आज फारशी किंमत नाही.

उलट, १९५२ सालच्या टॉप्स कंपनीच्या कार्डांची हकीकत पाहा. त्या वर्षीच्या मालिकेचा शेवटचा भाग दुकानांत आला, तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आला होता. माल पडून राहिला. अखेर १९६० साली कंपनीने ती कार्डे पडावातून नेऊन अटलांटिक महासागरात टाकून दिली. त्यांत ३११ क्रमांकाचे मिकी मँटल याचे कार्ड होते. त्याची एक उत्तम स्थितीतील प्रत २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरांना विकली गेली!

त्याच मालिकेतील पुढचा, म्हणजे ३१२ क्रमांक, जॅकी रॉबिन्सन याचा आहे. या क्रमांकापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. १९०९ च्या त्या तंबाखूच्या पाचशेहून अधिक कार्डांत एकही कृष्णवर्णी खेळाडू नाही. चांगले खेळणारे नव्हते म्हणून नव्हे, तर अमेरिकेच्या मोठ्या संघांची दारे त्यांना बंद होती म्हणून. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानावर उतरला आणि हे दार उघडले. नंतर त्याची कार्डे निघाली. १९८२ साली अमेरिकेच्या पोस्टाने त्याच्या सन्मानार्थ तिकीट काढले. असा मान मिळालेला तो पहिला बेसबॉल खेळाडू होय. संग्रहात काय आहे इतकेच पाहून भागत नाही. काय नाही आणि का नाही, हेही विचारावे लागते.

तिकीट आणि कार्ड यांच्या वाटा येथे एकमेकींस मिळतात. त्या याआधीही मिळाल्या होत्या. १९३९ साली अमेरिकेने बेसबॉलच्या शतसांवत्सरिक उत्सवाचे तीन सेंटांचे तिकीट काढले. त्यावर गावातील मोकळ्या मैदानात खेळणारी मुले दिसतात. अ‍ॅब्नर डबलडे याने १८३९ साली कूपर्सटाउन गावी हा खेळ शोधून काढला, अशी तेव्हा समजूत होती. इतिहासकारांनी कागदपत्रे तपासली, तेव्हा ती निराधार ठरली. तिकीट सुंदर आहे. पण त्याने सांगितलेली शंभर वर्षांची गोष्ट खरी नाही. छापील वस्तूवरही प्रश्न विचारावा, हा धडा ते तिकीटच आपल्याला देते. पुढे १९६१ साली टॉप्स कंपनीने पाकिटांत खेळाडूंची दातेरी कडांची, मागे गोंद लावलेली छोटी तिकिटे घातली आणि ती चिकटवण्यासाठी वहीही काढली. पत्रावर ती चालत नसत. पण दोन्ही छंद एकाच कागदावर आले. आपल्या देशातही १९९६ साली पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर, तसेच सी. के. नायडू, विजय मर्चंट आणि विनू मांकड या क्रिकेटपटूंची तिकिटे निघाली आहेत.

आता एक भेदही सांगितला पाहिजे. तिकीट सरकार काढते. त्यावर छापलेल्या किमतीस सरकार बांधलेले असते आणि आपल्या देशाचे कोणते चित्र जगाला दाखवावे, हे सरकार ठरवते. कार्ड व्यापारी काढतो आणि लोकांना काय आवडते ते त्यावर छापतो. म्हणून तिकिटांच्या वहीत राजे, पुढारी आणि स्मारके अधिक भेटतात. कार्डांच्या पेटीत शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले भेटतात, ज्यांनी खेळात नाव कमावले. एका काळाचे पुरते दर्शन घ्यावयाचे, तर दोन्ही पाहावी लागतात.

परंतु तिकिटांना फार लवकर जाणते लोक भेटले. एडवर्ड स्टॅन्ली गिबन्स याने १८६५ साली इंग्लंडात तिकिटांची आपली पहिली किंमतसूची काढली. अमेरिकेत जॉन वॉल्टर स्कॉट याची सूची १८६८ साली आली. सूची म्हणजे संग्रहाचा नकाशा. कोणत्या वस्तू अस्तित्वात आहेत, कोणता क्रम लावावा, हे तिच्यावाचून कळत नाही. कार्डांसाठी हे काम सत्तर वर्षे कोणी केले नव्हते. ते ज्याने केले, त्याचे नाव जेफरसन बर्डिक.

बर्डिक न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथे विजेचे सामान तयार करणाऱ्या कारखान्यात काम करी. त्याचे घर लहान होते आणि मिळकत बेताची. संधिवाताने त्याची बोटे आखडली होती. तरीही त्याने बेसबॉलचीच नव्हे, तर पक्षी, नट, ध्वज, जहाजे अशा हरतऱ्हेच्या विषयांची कार्डे जमवली. १९३९ साली त्याने कार्डांची सूची प्रसिद्ध केली. प्रत्येक मालिकेला त्याने अक्षर व क्रमांक दिला. तंबाखूच्या कार्डांना त्याने ‘टी’ हे अक्षर दिले होते. वॅग्नरच्या कार्डाची मालिका आजही ‘टी-२०६’ म्हणूनच ओळखली जाते, ती बर्डिकमुळे.

आपल्या मागे हा संग्रह विखरू नये, म्हणून त्याने तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दान केला. त्यात तीन लाखांहून अधिक वस्तू होत्या. त्या सूचीप्रमाणे लावून वह्यांत चिकटवण्याचे काम त्याने स्वतःच अंगावर घेतले. त्यासाठी तो न्यूयॉर्कला राहायला आला आणि दुखऱ्या हातांनी वर्षानुवर्षे कार्डे चिकटवीत बसला. वॅग्नरचे कार्डही त्याने इतरांसारखेच वहीत चिकटवले! आजचे संग्राहक हे ऐकून हळहळतात. कारण गोंद लागला, की कार्डाची बाजारातील किंमत उतरते. बर्डिकला त्याची पर्वा नव्हती. त्याला कार्डे विकावयाची नव्हती. पुढच्या माणसाला ती क्रमाने पाहता यावीत, एवढेच त्याला हवे होते. १० जानेवारी १९६३ रोजी त्याने हे काम पुरे केले. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला आणि दोन महिन्यांनी, १३ मार्च रोजी, मरण पावला. त्याचा संग्रह आजही त्या संग्रहालयात आहे आणि अभ्यासकांना उपयोगी पडतो.

आता आपल्या प्रश्नाकडे परत येऊ. कागदाच्या तुकड्याला मोल कशामुळे येते? लिलावात बोली लागते तेव्हा ती दुर्मिळतेला लागते, हे खरे. परंतु किंमत आणि मोल ही नेहमी एकच नसतात. कोणत्या वस्तूला उद्या किंमत येईल, हे व्हर्ननला कळले नाही, पेट्या भरून ठेवणाऱ्या लोकांनाही कळले नाही आणि समुद्रात कार्डे ओतणाऱ्या कंपनीलाही कळले नाही. मोल मात्र आपल्या हाती असते. ही वस्तू कोणी केली, कशासाठी केली, तिच्यावर कोण आहे आणि कोण नाही, हे जो विचारतो आणि उत्तर शोधून वहीत लिहून ठेवतो, त्याच्या दोन पैशांच्या तिकिटालाही मोल येते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी तिकिटे जमवीत असेल, कोणी आगपेट्यांवरील चित्रे, तर कोणी क्रिकेटपटूंची छायाचित्रे. पुढच्या खेपेस हाती नवे चित्र आले, की ते वहीत ठेवण्यापूर्वी क्षणभर उजेडात धरा आणि दोन्ही बाजूंनी नीट पाहा. तुमच्याआधी ते तसे कोणीच पाहिले नसण्याचा संभव आहे.